माझी सवत

हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, शेवटच्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून घेवडा मोडला. सवतीच्या मागच्या दाराला पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर त्या दोघी, खालच्या पायरीवर मी. मी शेंगांचे दोरे काढून त्या पातेल्यात टाकायचो, आणि सवत माझ्याच शेंगा उचलून परत एकदा दोरे काढायची. मी चिडून म्हटलं, "तिला सांग, माझ्या आईनं शिकवलंय मला." ही म्हणाली, "तुमच्या आईनंच मला सांगितलं होतं, याच्या हातात शेंगा देऊ नकोस."

सवत बायकांना असते, हे मलाही कळतं. पण इथे ती मला होती. परदेशात, पार्सिपनीला मुलाच्या घरामागच्या गल्लीत राहणारी सत्तरीची म्हातारी, पांढरी लांब वेणी, पुरुषासारखे रुंद पंजे. मूळची शेजारच्या कॅनडाची, गोरे यायच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या लोकांतली. नवरा इकडे उंच इमारतींचं लोखंडकाम करायचा, त्याच्याबरोबर आली आणि तो गेल्यावर इथेच राहिली. तिचं खरं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. एकदा मी हिला तिरसटपणे विचारलं, "आज परत सवतीकडे?" तेव्हापासून घरात तेच नाव चाललं. सूनबाईसुद्धा फोनवर सांगायची, "आई सवतीकडे गेल्यात."

सवतीला मराठीचा एक शब्द येत नव्हता, आणि हिला इंग्रजीचे पाच-सहा. तरी दुपार संपायची नाही. ही मराठीत बोलत सुटायची आणि ती ऐकायची. मान खाली, हातात काहीतरी काम, मधेच एक "हं". मी म्हटलं, "तिला काय कळतं गं? भिंतीशी बोलल्यासारखं." ही म्हणाली, "अहो, हं तुम्हीपण म्हणता, पण टीव्हीकडे बघत. ती माझ्याकडे बघते." मी टीव्हीचा आवाज वाढवला.

सूनबाईनं एकदा मला समजावलं. "बाबा, लहानपणी त्यांना सरकारनं घरातून उचलून बोर्डिंग स्कूलमध्ये टाकलं होतं. त्यांच्या लोकांच्या सगळ्या मुलांना तसंच. आपली भाषा बोलली की मार पडायचा. त्या स्वतःची भाषा विसरल्या. आई बोलतात ना, तर त्यांना ते नुसतं ऐकायला आवडतं." मी चौथी पास माणूस, मला हे उशिरा कळलं. कळलं तरी राग काही गेला नाही. जिची भाषा गेली तिला ऐकायला माझीच बायको सापडली?

एकदा मी गुपचूप त्यांच्या मागे गेलो आणि कुंपणापाशी थांबलो. ही आमच्या गावाबद्दल बोलत होती. आमचं गाव धरणाखाली गेलं. हिनं शेवटच्या दिवशी चूल सारवली होती. पाणी येणार हे माहीत असून सारवली. मीठ-मिरचीचा डबा उचलायच्या आधी चूल सारवली. पन्नास वर्षं संसार झाला, मला हे माहीत नव्हतं. सवतीला माहीत झालं, तेही तिला न कळणाऱ्या भाषेत.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात सवतीनं आम्हाला टीव्ही बघायला बोलावलं. कॅनडाचा पंतप्रधान त्या शाळांबद्दल माफी मागणार होता. सूनबाई सुट्टी घेऊन आली. सभागृहात मधोमध सवतीची माणसं बसवली होती, काहींच्या डोक्यावर पिसांचे टोप. पंतप्रधान उभा राहून बोलत होता आणि आमच्या हिनं सवतीचा हात धरला. चारचौघांत माझा हात तिनं कधी धरला नव्हता.

मला तिथं बसवेना. मी म्हटलं, "आपल्याकडे तलाठ्याचा माणूस आला होता. म्हणाला, पाणी चढतंय, निघा. सॉरी राहू दे, धड दोन शब्दही बोलला नाही. सवतीचं नशीब बघ, अख्खं सरकार उभं राहिलंय."

"बाबा, प्लीज. आत्ता नको," सूनबाई म्हणाली.

पण सवतीनं विचारलंच, हे काय म्हणतात. सूनबाईनं भीत भीत सांगितलं. मला वाटलं आता घराबाहेर काढते. तिनं माझ्याकडे पाहिलं, "हं" म्हणाली, आणि मग पहिल्यांदाच बरंच बोलली. सूनबाई सांगत गेली. तिचा धाकटा भाऊ त्या शाळेत तापानं गेला. घरी कुणी कळवलं नाही. आई सगळा हिवाळा त्याच्यासाठी हातमोजे विणत होती. "माफी मागितली, बरं झालं," सवत म्हणाली. "आता म्हणतात त्या शाळांतल्या सगळ्यांचं ऐकून घेणार. घेतील तर मी जाईन बोलायला. पण त्या दिवशी कुणीतरी आमच्या दारात येऊन आईला सांगायला हवं होतं." मग आमच्या हिच्याकडे बोट करून म्हणाली, "मी बोलेन तेव्हा ही माझ्या शेजारी बसेल."

मला कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, "कॅनडाला व्हिसा लागतो." ही म्हणाली, "मग काढा की."

व्हिसा काढायची वेळ आली नाही. त्या घेवड्याच्या संध्याकाळी घरी भाजी फोडणीला टाकून ही खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. ॲम्ब्युलन्स आली, पण उपयोग नव्हता. हॉस्पिटलमधून परत येताना मुलगा म्हणाला, "बाबा, त्यांना फोन करू? सवत... म्हणजे त्या आजींना?"

"नको," मी म्हटलं. "सगळं झाल्यावर सांग. रोजच्या दुपारी तिनं नेल्या. आता जाताना तरी माझी एकट्याची असू दे."

"ओके, तुम्ही म्हणाल तसं."

सूनबाई मागे रडत होती. ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, त्यांच्या आईलापण सगळं झाल्यावरच कळलं होतं."

मी तिच्यावर ओरडलो. खूप ओरडलो. मुलानं गाडी बाजूला घेतली.

सकाळी घरातलं कुणी उठायच्या आत मी कोट चढवला आणि चालत गेलो. सवतीनं दार उघडलं आणि माझ्या खांद्यामागे पाहिलं, ही कुठे आहे म्हणून. मी मराठीतच सांगितलं. काल संध्याकाळी गेली. त्रास झाला नाही. घेवडा चुलीवर होता. ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"यू कम," मी म्हटलं. "टुडे. विथ मी."

ती बूट घालायला बाकावर बसली. तिच्यानं वाकवेना. मग मीच खाली बसलो आणि तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या.