नववी ‘ब’चा निकाल

आमच्या ह्यांची नोकरी गेली ती दिवाळीच्या तोंडावर. खराडीतल्या एका कंपनीत ते बरीच वर्षं होते, हाताखाली माणसंही होती. एका सकाळी व्हिडिओ कॉलवर बोलावून सांगितलं आणि दुपारी कंपनीचा लॅपटॉप न्यायला माणूस आला. हे तेव्हा पन्नाशीला टेकलेले. मार्चपर्यंत कुठेतरी लागेल, असं ते म्हणाले आणि विचारेल त्याला मीही तेच सांगत राहिले.

मी धायरीतल्या एका शाळेत मराठी शिकवते. संध्याकाळी घरी यावं तर हे मुलीच्या जुन्या लॅपटॉपपुढे बसलेले असायचे. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला. ह्यांनी एक्सेलमध्ये अर्ज केलेल्या कंपन्यांचा तक्ता केला होता. एकदा चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला खुर्ची ओढून दिली आणि तो दाखवला. उत्तर आलं की ते एका रकान्यात लिहायचे, पण बहुतेक ठिकाणांहून काही यायचंच नाही. त्यासाठी त्यांनी ‘इफ’चं सूत्र घातलं होतं. उत्तराची जागा रिकामी असेल आणि अर्जाला महिना उलटला असेल, तर पुढे आपोआप ‘बंद’ असं उमटायचं.

“नकार आला तर नकार लिहिता येतो,” ते म्हणाले. “काहीच आलं नाही, तर आशा कधी सोडायची ते रोज आपणच ठरवत बसायचं. आता ते मी ठरवत नाही.”

कप उचलून मी आत गेले.

संक्रांतीनंतर एका ठिकाणाहून मुलाखतीला बोलावणं आलं, तेही ऑनलाइनच. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मागची कपड्यांची दोरी काढायला लावली. पलीकडून मुलाखत घेणारा मुलगा आमच्या मुलीच्या वयाचा असावा. बोलणं चांगलं झालं, असं हे म्हणाले. महिन्यानंतर त्या ओळीपुढेही ‘बंद’ आलं.

वार्षिक परीक्षा आली. नववी ‘ब’ माझा वर्ग. दरवर्षी मी निकाल हाताने, कॅल्क्युलेटर घेऊन लावायचे. या वेळी मीच ह्यांना म्हटलं, “अहो, माझा निकाल करून देता का?” मला मदत हवी होतीच, पण खरं म्हणजे त्यांना काहीतरी काम द्यावं, असं वाटत होतं.

आठवडाभर घरात पूर्वीसारखा आवाज होता. हे मला शाळेचे नियम विचारायचे, मी सांगायचे. पस्तीसच्या खाली गुण असतील तर अनुत्तीर्ण, नाहीतर उत्तीर्ण, इथवर सोपं होतं. मग एका मुलीचा घोटाळा निघाला. ती आजारी होती म्हणून गणिताच्या पेपरला मी ‘गैरहजर’ लिहिलं होतं, आणि सूत्राने तिला पास करून टाकलं होतं. हे कितीतरी दिवसांनी हसले. “या यंत्राला कुठलाही शब्द आकड्यापेक्षा मोठा वाटतो,” त्यांनी समजावलं. “गैरहजर हा शब्द पस्तीसपेक्षा कमी नाही, म्हणजे पास.” मग त्यांनी आधी गैरहजर आहे का ते बघायचं, मग गुण, मग सवलतीचे गुण देता येतात का, अशी एकात एक सूत्रं बसवली. नापास होणाऱ्यांची ओळ लाल व्हायची. मला स्वतःला टाइप करायला लावून, कंस कुठे मिटतो तेही शिकवलं. मी चुकले की हातावर हलकी चापट मारायचे.

निकाल द्यायच्या आधी मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा सगळ्या शिक्षकांना बोलावलं. संस्थेने सगळ्या शाळांसाठी एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. वर्गशिक्षकांनी फक्त गुण भरायचे, निकाल तेच लावणार. मी माझ्याकडे तक्ता तयार असल्याचं सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “असू द्या तुमच्याकडे. इथे चालणार नाही.”

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. ते पोळी खात होते. “बरं झालं. तुझा वेळ वाचला,” एवढंच म्हणाले आणि आमटी मागितली. मी म्हणाले, पुढच्या वर्षी चाचण्यांना वापरीन. त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण ऐकतही नव्हते.

त्यानंतर लॅपटॉप उघडणं कमी होत गेलं. नवे अर्ज थांबले. दुपारी झोपायला लागले, उठून कालव्याच्या कडेने फिरून यायचे. ओळखीचं कुणी दिसलं की रस्ता बदलतात, हे मला शेजारणीकडून कळलं.

मे महिन्यात सोसायटीचे अध्यक्ष आले. धरण इतकं जवळ असून आमच्याकडे टँकर येतात, आणि कुठल्या इमारतीची टाकी कधी भरायची यावरून रोज भांडणं. तुम्ही कंपनीतली माणसं, टाकीच्या पातळीप्रमाणे पाळी ठरवून देणारा तक्ता करून द्या, असं ते आर्जवाने म्हणाले.

हे सोफ्यावर बसले होते. “मला त्यातलं फारसं येत नाही हो,” ते म्हणाले.

अध्यक्षांना वाटलं संकोच आहे, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. ह्यांनी तेच उत्तर तसंच दिलं. मी दारात उभी होते. बोलले असते तर ते खोटे पडले असते, म्हणून गप्प राहिले. सरबत घेऊन अध्यक्ष गेले.

त्यानंतर मीही ह्यांच्याकडे काही करून मागितलेलं नाही.