कुंपणाबाहेरचा बाक

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते कतारमध्ये, दोह्यातल्या माझ्या पहिल्या ऑफिसमधल्या सरांचे. आईवडिलांनी मला शिकवलं, पण काम शिकवलं ते सरांनी. कोणी नवा आराखडा पुढे ठेवला की ते आधी तो डोक्यावर धरायचे आणि विचारायचे, "या कागदाशिवाय बागेत दुसरी सावली आहे का?"

आम्ही नव्या वस्त्यांमधल्या छोट्या बागा आखत होतो. घरं भराभर उठत आणि मध्ये एखादा तुकडा उरला की तो आमच्या वाट्याला येई. सर नाशिकचे. मी मुखेडचा, घरातला पहिला पदवीधर. माझं "करायलोय सर" ऐकलं की ते सगळ्यांसमोर म्हणत, "मुखेडकर, करून झालं की सांगा. करायलाय ते दिसतंय."

पहिला आराखडा मी अल दुहैलमधल्या एका जागेचा काढला. सरांनी तो पाहिला, मला गाडीत घातलं आणि जूनच्या भर दुपारी त्या रिकाम्या जागेवर नेलं. त्या वेळी मजुरांनाही उन्हात काम बंद असतं. मी जिथे बाक दाखवला होता तिथे त्यांनी फक्कीने चौकोन आखला.

"बस. तुझाच बाक आहे."

मी बसलो. ते गाडीत एसी लावून बसले. थोड्या वेळाने मला उलटी झाली. तेव्हा काच खाली करून त्यांनी पाण्याची बाटली दिली. "आता खोड तो बाक. इथे एखादी आजी नातवाला घेऊन बसणार होती."

त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला. पण त्यानंतर मी ऊन न पाहता एकही बाक काढलेला नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांनी शिकवलेलं अंगातून जात नाही.

स्वतः सर प्रत्येक जागेवर दिवसभर थांबत आणि दर तासाला भिंतींची, झाडांची सावली फक्कीने आखत. मी मागे वही घेऊन उभा. शाळेतल्यासारखी तारीख घालून त्यांचं प्रत्येक वाक्य उतरवून घ्यायचो.

"काय लिहितोस रे एवढं? मी काय कीर्तन करतोय?"

अल दुहैलच्या त्या जागेच्या कोपऱ्यात एक जुनी सिदर होती, म्हणजे आपली बोरच. दुपारी तिची सावली रस्त्याच्या बाजूला पडे. बिरकत अल अवामेरच्या कामगार-वस्तीत परत जाणारे मजूर तिथे उभ्याने कंपनीच्या बसची वाट बघत. सरांनी तेवढ्या भागात कुंपण दोन मीटर आत घेतलं आणि बाहेर राहिलेल्या सावलीत एक लांब बाक बसवला. मूळ मंजुरीत तो नव्हता.

बाग खुली झाली आणि महिन्याभरात रहिवाशांची तक्रार आली. बागेबाहेर मजूर बसतात, डबे खातात, मोठ्याने बोलतात. बाग ज्यांच्या पैशांनी झाली ते मालक स्वतः मीटिंगला येणार होते.

मीटिंगच्या आधी सरांनी मला जिन्यात गाठलं. त्यांना एवढं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"मुलगी बारावीत आहे. परीक्षेपर्यंत मला इथून हलता येणार नाही. मोजणीत चूक झाली म्हणून सांगतो. तू फक्त गप्प बस."

सरांनी तसंच सांगितलं. मालकांशेजारी बसलेला आमचा मॅनेजर म्हणाला, "इतने साल में टेप पकडना नहीं सीखे आप?" सगळे हसले. सरही हसले.

सरांचं ते हसणं मला सहन झालं नाही. सावली मोजणाऱ्या माणसाला टेप धरता येत नाही म्हणतात? मी उभा राहिलो, वही उघडली आणि हिंदी करत करत वाचू लागलो. "हा बाक बागेत येणाऱ्यांसाठी नाही, बसची वाट बघणाऱ्यांसाठी आहे. मालकांना विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून विचारायचं नाही."

सर माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "तारीखपण वाच ना, मुखेडकर."

त्यांना महिन्याची नोटीस मिळाली. डिसेंबरात सगळं कुटुंब नाशिकला परतलं आणि मुलीचं वर्ष गेलं. त्यांचं टेबल मला मिळालं. ते जाण्याआधी मी त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. मुलीने दार अर्धंच उघडलं. "बाबा इज स्लीपिंग," म्हणाली. आतून खोक्यांवर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता.

फेब्रुवारीत मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

"सर, सा. न.

तुम्ही उत्तर देणार नाही हे धरूनच लिहितो आहे. तुमच्या टेबलावर बसून मी पहिला आराखडा काढला तो तुमचा बाक हटवण्याचा. कुंपण पुन्हा बाहेर नेलं. सिदरच्या सावलीत आता काटेरी झुडपं आहेत. ती मीच निवडली.

काम सुरू करायला मी स्वतः गेलो. दुसऱ्या कोणाला पाठवायची लाज वाटली. बाकावर चार माणसं बसली होती. मी म्हणालो, यल्ला, उठो. ती लगेच उठली. आम्ही बोल्ट काढले, तर त्यातल्या एकाने कोणी न सांगता बाकाचं एक टोक उचललं आणि टेम्पोपर्यंत आणून दिलं. मग त्याने विचारलं, 'साब, नया लगेगा?'

मी इन्शाल्ला म्हणालो. तो शुक्रन म्हणाला."