गोरे साहेबांचा सपत्नीक सत्कार

श्यामसुंदर गोरे मरायचे छान. बाकी काही त्यांना धड जमायचं असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही, पण मरायचे मात्र अस्सल. नेरूळच्या सागरदीप सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी एका राजाच्या खुनाचं नाटक व्हायचं, आणि राजा कायम तेच. का, तर चेअरमन तेच. गच्चीची किल्ली त्यांच्या खिशात, पाण्याची वेळ त्यांच्या मर्जीवर, मग मुकुट काय दुसऱ्याच्या डोक्यावर जाणार? बायकांना गच्चीवर पापड वाळत घालायचे असले तरी आधी साहेबांच्या दारात उभं राहावं लागायचं. साहेब चष्म्यावरून बघत म्हणायचे, "विचार करतो." पापडांचा!

नाटकाचे नियम त्यांना तोंडपाठ. "अरे, शोकांतिका आहे," तालमीत ते पोरांना झापायचे. "राजा असा उठून मारायचा नसतो. आधी अपशकुन पाहिजेत. कुणीतरी वाटेत अडवून म्हटलं पाहिजे, आज जाऊ नको. राणीला वाईट स्वप्न पडलं पाहिजे. आणि राजानं ते हसण्यावारी नेलं पाहिजे, नाहीतर नाटक तिथंच संपलं. मग दरबारात खंजीर. मग जिवलग मित्र प्रेताशेजारी उभा राहून भाषण करतो आणि जनता फिरते." हे इतक्या वेळा व्हायचं की वॉचमनसुद्धा झोपेत सांगू शकला असता.

फक्त एक गोम होती. राजा मध्यंतराच्या जरा आधी मरायचा. मित्राचं भाषण साहेब प्रेत होऊन, डोळे मिटून ऐकायचे. लोकांचा गलका कानावर पडला की धन्य व्हायचे. पडदा पडला की थेट मंडपामागे. तोंडाला खोबरेल चोपडून रंग उतरवायचा, बटाटावडा खायचा आणि दिसेल त्याला विचारायचं, "कसा मेलो?" उरलेलं नाटक त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. राजाच नाही तर त्यात बघायचं काय, असा त्यांचा रोकडा सवाल.

यंदा गणपती गेले आणि वार्षिक सभेची नोटीस लागली. विषय पहिला, मा. अध्यक्षांचा सपत्नीक सत्कार. विषय दुसरा, नव्या अध्यक्षांची निवड. आता निवडणुकीआधीचा सत्कार म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शाल, श्रीफळ, "यापुढेही आपलं मार्गदर्शन लाभावं," की लागला माणसाचा निकाल. रक्ताचा थेंब सांडत नाही आणि वर समोशाची प्लेट मिळते.

दिवाळे गावची राजाबाई कोळीण दारोदार मासे विकते, त्यामुळे कुठल्या मजल्यावर काय शिजतंय ते तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक. कोलंबीचा वाटा लावता लावता ती हळूच म्हणाली, "शेट, त्या मिटिंगला जाव नका. सगल्या घरान तुमचाच इषय हाय."

साहेब हसले. "राजाबाई, कोलंबी ताजी आहे ना, तेवढं बघ."

साहेबांच्या पत्नी जयमालाबाई आतून आल्या. "मला स्वप्नबिप्न काही पडलेलं नाही हं, जागेपणी सांगतेय. मागच्या चेअरमनला तुम्हीच शाल घालून घरी बसवलंत. बिचारे आता खाली बाकावर बसून कबुतरांशी बोलतात."

"मला काय कळत नाही?" साहेब उसळले. कळत होतं. ऑफिसातून रिटायर झाल्यापासून घराची बेल वाजायची ती फक्त चेअरमनसाठी. ती बंद पडली तर सकाळ संध्याकाळपर्यंत रेटायची कशी, या विचारानं हा माणूस मनातून पार घाबरला होता. पण तोडगाही त्यांच्यापाशी होता. घालू दे शाल. आपण गप्प बसायचं. धर्मराज भाषण करेल आणि जनता फिरेल.

हा धर्मराज साताऱ्याकडचा, वाशीच्या मार्केटात कांद्याचा व्यापारी. नाटकात राजाच्या मित्राचं काम नेहमी त्याचंच. आवाज असा की माइक लाजावा. "साहेब, तुमी फक्त मान खाली घालून बसा," तो म्हणाला. "पब्लिकचं टेन्शन माझ्यावर सोडा."

"अहो, त्या नाटकात पुढं काय होतं ते कधी बघितलंत का?" जयमालाबाईंनी विचारलं.

"पुढं काय व्हायचंय? जनता फिरते."

"फिरते हो. पण कुणाकडं?"

"तू आधी चहा टाक."

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. साहेबांच्या खांद्यावर शाल पडली, जयमालाबाईंची ओटी भरली, दोघांना समोर शेजारी शेजारी बसवलं. मग धर्मराज उठला. आधी बोललाच नाही, नुसता उभा राहिला. ही युक्ती साहेबांनीच शिकवलेली. मग पिशवीतून त्यानं एक चप्पल काढली, अंगठा तुटलेली.

"ही साहेबांची चप्पल! टाकी साफ करायला माणूस आला नाही तेव्हा हा माणूस स्वतः वर चढला. तेव्हा तुटली ही. तुमच्या नळाला पाणी येतंय ना, ते हिच्यामुळं!"

साहेब टाकीवर कधी चढले नव्हते. चप्पल एका लग्नात पंगतीत तुटली होती. पण बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि ज्यांचे पापड दोन उन्हाळे अडवले होते त्यांनी सर्वांत आधी. साहेबांनीही शालीचं टोक डोळ्यांना लावलं. आपण थोर आहोत हे त्यांना माहीत होतं, पण इतक्या तपशिलात नव्हतं.

"असा माणूस परत मिळायचा न्हाई!" धर्मराज गरजला. "पर त्याच्या वाटंनं चालणारा कुणीतरी पाहिजे का नको?"

"पाहिजे!"

"मग ही चप्पल कुणी उचलायची?"

चप्पल त्याच्याच हातात होती. मागून कुणीतरी "धर्मराज!" म्हणून ओरडलं, मग सगळेच ओरडले. सेक्रेटरी घाईघाईनं उठला. "अध्यक्षपदासाठी धर्मराज यांचं नाव आलंय. अनुमोदन कोण देतंय?"

साहेबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. भाषणच तसं झालं होतं. जनता फिरली, आणि जनतेबरोबर तेही फिरले. सगळ्यांच्या आधी त्यांचा हात वर गेला.

"अहो, हात खाली घ्या!" जयमालाबाईंनी त्यांची बाही ओढली.

साहेबांनी हिसडा देऊन बाही सोडवली आणि दुसराही हात वर केला.