तकलीवर शिकलेला बँकवाला

श्रावण थूल पवनारचा. बाप विणकर. तो शिकला ते सेवाग्रामकडच्या एका शाळेत, जिथे मुलं तकली फिरवता फिरवता गणित शिकत आणि वाफ्यात उभी राहून भूगोल. त्या शाळेचं प्रमाणपत्र कुठलंच विद्यापीठ मानत नव्हतं. मी बी.कॉम. होतो आणि हिंगणघाटच्या एका बँकेत तीन वर्षं कारकून. सत्तावन्नच्या दिवाळीनंतर तिथे तारण-निरीक्षकाची एक जागा निघाली. ती माझीच, असं मी घरीदारी सांगूनही टाकलं होतं.

तारण म्हणजे कापूस. व्यापारी गोदामात गाठी ठेवत आणि बँक त्यावर कर्ज देई. त्या गाठींची पारख करणारा माणूस हवा होता. मुलाखतीसाठी आम्हा दोघांना एकत्रच बोलावलं. मॅनेजर कृष्णकांत साहेबांनी टेबलावर कापसाचा पुंजका ठेवला. ‘असा माल आला तर किती कर्ज द्याल?’

मी बाजारभाव विचारला, त्यातून चौथा हिस्सा वजा केला, आकडा सांगितला. श्रावणने पुंजका दोन अंगठ्यांत धरून ओढला, पुन्हा ओढला, मग गालाला लावला.

‘साहेब, हा एक कापूस नाई. लांब धाग्यात आखूड मिसळवला हाय. अन् ओला बी हाय, वाळला का वजन उतरते. मी तर याच्यावर काईच नाई देनार.’

साहेब हसले. स्वतःसाठी आलेला चहाचा कप त्यांनी त्याच्याकडे सरकवला. तीन वर्षांत त्या टेबलावर मला कोणी पाणीही विचारलं नव्हतं.

जागा त्याला मिळाली, सहा महिने काम बघून कायम करायच्या बोलीवर.

‘आता तुम्हीही एक चरखा घेऊन या,’ माझी बायको शरयू पोळी लाटता लाटता म्हणाली.

हेवा हा शब्द फार स्वच्छ आहे. माझ्या आत जे होतं ते ओल्या गाठीसारखं होतं. बाहेरून कोरडं, आत हात घातला की गरम. गोदामातून तो येई तेव्हा त्याच्या भुवयांत कापूस अडकलेला असे. नत्थूजी नावाचे एक मुरलेले व्यापारी त्याला ‘श्रावणजी, बसा’ म्हणत. मला ते ‘ओ बाबू’ म्हणत.

जूनमध्ये त्याला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावरून जायचा होता. मी समासात एक ओळ लिहिली : ‘उमेदवाराचे प्रमाणपत्र मॅट्रिकसमान नाही.’ ओळ खरी होती. वरच्या कचेरीचं उत्तर आलं : पुढच्या मार्चमध्ये मॅट्रिक द्यावी, नापास झाल्यास जागा सोडावी.

दुसऱ्याच दिवशी तो माझ्यासमोर उभा. ‘माधवबाबू, इंग्रजी कच्चं हाय माह्यं. शिकवान का?’

नाही म्हणायला कारण लागतं, आणि माझं कारण सांगण्यासारखं नव्हतं. तो रोज सकाळी सातला माझ्या घरी येऊ लागला. मी मुद्दाम अवघड उतारे देई. तो अडे, पण अडल्याची त्याला लाज नव्हती. ‘हे काऊन असं?’ तो विचारी. मी ते कधीकाळी नुसतं पाठ केलं होतं.

फेब्रुवारीत मला राहवलं नाही. ‘ही अडचण ज्याने आणली, त्याचा राग नाही येत तुला?’

तो वहीतून मान वर न करता म्हणाला, ‘अक्षर तुमचं हाय, बाबूजी. साहेबानं कागद दाखवला तवाच वयखलं.’

‘मग माझ्याकडेच का आलास?’

‘माह्यात काय कमी हाय, ते तुमच्याइतकं कोनं पाह्यलं होतं?’ आणि वहीचं पान उलटत, ‘फी बी नाई घेत तुमी.’

शरयू आतून हसली. तिला वाटलं, गंमत चालली आहे.

निकाल वर्तमानपत्रात आला. नंबरांवरून बोट खाली नेताना मी आतल्या आत म्हणत होतो, नसू दे. होता. तिसऱ्या श्रेणीत, पण होता.

त्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना सगळ्यांदेखत उभं केलं. ‘हा माधवरावांचा विद्यार्थी,’ ते म्हणाले, ‘यांनी घडवला याला.’ कारकुनांनी टाळ्या वाजवल्या. मी श्रावणकडे बघितलं. आता तो समासातल्या त्या ओळीचं बोलेल, असं वाटलं.

त्याने मान डोलावली. मग मीही डोलावली.