नाकासमोरचं वजन
ओल्या सुंभाचा वास आला की मला आमची प्रयोगशाळा आठवते. संशोधन संस्थेतली नोकरी सोडून मी मालवणकडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला आले, तेव्हा मुलं प्रयोग न करता जुन्या वह्यांमधली रीडिंग्ज उतरवून काढत. ती सवय मोडायला मी तुळईला सुंभाने दहा किलोचं वजन टांगून घेतलं. भिंतीला पाठ टेकून वजन नाकाशी धरायचं आणि न ढकलता सोडायचं. परत येताना ते नाकाला लागत नाही, असं मी सांगितलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुमी कधी उभ्या रवलात?" मी कधीच उभी राहिले नव्हते, संस्थेत वीस वर्षं फक्त कागदावर सिद्ध करत होते. सुंभ बांधणारे शिपाईमामा म्हणाले, "गाठ माझी आसा, गणित तुमचा. रवा उभ्या." मी वजन सोडलं. ते खिडकीपर्यंत गेलं, क्षणभर थांबलं आणि माझ्याकडे निघालं. तुळई करकरली. गणितातलं एक अक्षर आठवेना. मामांनी गाठ नीट मारली असेल ना, एवढंच डोक्यात होतं. गालाला वारा लागला. "मॅडम, डोळे मिटलात! मगे रीडिंग कोणी घेतल्यान?" ती मुलगी ओरडली. मी वजन पुन्हा नाकाशी धरलं, सोडलं आणि डोळे उघडे ठेवले. ते बोटभर अंतरावर थांबलं. मग ती स्वतःच भिंतीशी येऊन उभी राहिली. आता दरवर्षी पहिली पाळी माझी असते, आणि दरवर्षी मी तेवढीच घाबरते.