खिडकीपाशी बसलेला गिअरबॉक्स

जगातली कोणतीही वस्तू पुरती बिघडत नाही, अशी ठाम खात्री असलेला एकच माणूस मला माहीत आहे, तो म्हणजे आमचे साडू. शिरूर कासारच्या बाजूला त्यांना सगळे अण्णा म्हणतात. यंत्राचा भाग बदलला की जुना ते मेस्त्रीकडून मागून घेतात, रॉकेलने धुतात आणि घरातल्या फळीवर मांडतात. तांबे-पेले त्यामुळे कायम जमिनीवर असतात.

एका दुष्काळी वर्षी कपाशी उभी वाळली. मग अवचित एक सर आली. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या काढून त्या ओलीवर ज्वारी पेरायची आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघायचं, असं गावाने ठरवलं. नेमका तेव्हाच गावच्या सोसायटीच्या ट्रॅक्टरमागचा, पऱ्हाट्या कापायचा फिरत्या पात्यांचा कटर बांधावरच्या दगडावर आपटला. त्याच्या गिअरबॉक्समधला गिअर तुटला. पऱ्हाट्या हाताने उपटेपर्यंत ओल उडाली असती.

"अण्णा, नवाच घेऊ. दिवाळीपत्तुर येतोय," चेअरमन म्हणाले.

"तवर लोकं उसाला गेलेले असत्याल. पेरायला काय तुमी येणार हाय का?"

दुसऱ्या दिवशी अण्णांनी आणि मी गिअरबॉक्स उचलून आष्टीच्या एसटीत चढवला. कंडक्टर म्हणाला, "लगेज टपावर टाका."

"टपावर काहून? मार लागलाय त्याला." अण्णांनी त्याचं फुल तिकीट काढलं.

"मग खिडकीपाशी बसवा. उलटी झाली तर?"

घाटात त्याला खरोखर उलटी झाली. सांडलेलं काळं तेल अण्णांनी स्वतःच्या नव्या उपरण्याने पुसलं आणि शेजारच्या बाईंची माफी गिअरबॉक्सच्या वतीने मागितली.

आष्टीच्या मेस्त्रीने हात झटकले. हा गिअर आता मिळत नाही, म्हणाला. अण्णांनी पिशवीतून फळीवरचा एक जुना गिअर काढला.

"ह्याचे दात झिजलेत, अण्णा."

"माझेबी झिजलेत. भाकर खातोच की."

कटर सुरू झाला. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या गाड्या निघाल्या, तेव्हा गावाची ज्वारी जमिनीत होती.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी अण्णांना गुडघा बदलायला सांगितला. "जुना माघारी मिळंल का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते चप्पल घालून बाहेर आले.

आता ते सोसायटीच्या शेडपाशी बसून असतात. कटर शेताकडे निघाला की कान देऊन ऐकतात. "घरघर वाढलीय, पण लई चालंल अजून," म्हणतात. मग उठतात. उठताना त्यांचा गुडघा कडकन वाजतो. मी काठी पुढे करतो, आणि आम्ही दोघंही कटरकडेच बघत राहतो.