लूमवाल्याचे कान

रोज सकाळी टीव्हीवर एक बाबा येतो, लोकांना जगायचं कसं ते सांगायला. पहाटे उठा, रजा मागू नका, कामाचा कंटाळा करू नका म्हणे. मागे कुंड्या, पुढ्यात कॉफी. मेल्या, एकदा पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यात ये, आमच्या ह्यांच्यासोबत बारा तास लूमपुढे उभा राहा, मग सांग!

पण आमचे हे त्याचे भक्त. रातपाळीवरून आले की चहा घेऊन त्याच्यासमोर बसणार आणि आवाज वाढवणार. शेजारीण भिंतीवर थापा मारायची, तरी ह्यांचं आपलं चालूच.

लूमवाल्यांच्या घरात तसे सगळेच ओरडून बोलतात. खात्यात, म्हणजे जिथे लूम चालतात तिथे, त्या खडखडाटात तोंडानं कोण बोलतंय? सगळा कारभार हातवाऱ्यांवर. माणूस बहिरा होत चाललाय हे कळणार कुणाला? एकदा पोरगी मागून ‘पप्पा, पप्पा’ करत रडायला लागली, तरी ह्यांनी मान वळवली नाही. तेव्हा मला कळलं.

डॉक्टरकडे चला म्हटलं, तर ऐकतील तर शपथ. बारीकसारीक दुखण्यांना रजा घेणारा मागे पडतो, हे त्या बाबाचं तुणतुणं मलाच ऐकवलं. खरी भीती वेगळी होती. लूम बिघडायला लागला की त्याचा आवाज बदलतो आणि कारागीर तो कानानंच ओळखतो. शेठला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी ह्यांच्या जागी दुसराच उभा असता.

शेवटी पोरीची शपथ घातली तेव्हा आले. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं वाचवायचं तर लूम सोडा, असं डॉक्टरांनी कानाजवळ येऊन मोठ्यानं सांगितलं. ह्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि संध्याकाळी डबा मागितला.

मी दारात आडवी उभी राहिले. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, “येडी का काय! आते आवाजना तरास व्हत नही. कामबी आरामशीर व्हई.”

मला सांगायचं होतं, नका हो जाऊ. मी साड्यांना टिकल्या लावते, अजून लावीन, भागवू कसंतरी. पण ह्यांना ऐकू जाईल एवढ्यानं दारात ओरडायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगायचं, आणि गल्लीतले निम्मे ह्यांच्याच खात्यात कामाला. मी दारातून बाजूला झाले. हे जिना उतरून गेले.